पंढरीची वाट आणि वेशीबाहेरचा प्रभू



आषाढ लागला की आपल्या सोलापूर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव अशी एकेक मुक्कामाची गावे टाळमृदंगाने भरून जातात. ज्ञानोबांची पालखी या वाटेने येते, तुकोबांची अकलूजच्या वाटेने, आणि वाखरीस संतांच्या पालख्या एकत्र होऊन पंढरपुरात प्रवेश करतात. आपल्यांतील पुष्कळांची घरे या वाटांच्या आसपास आहेत. वारकऱ्यांस पाणी देणे, पडवीत निजावयास जागा देणे, फोड आलेल्या पायांस तेल लावणे ही सेवा आपली माणसे कुणी न सांगता करीत आली आहेत.

अशाच एका आषाढात आपल्या एका तरुणाने आम्हांस विचारले, "फादर, ही माणसे इतके दिवस उन्हापावसात चालतात, मिळेल ते खातात, आणि तरी नाचतात. आपल्यासाठी तर देवाने आपला पुत्र दिला असे आपण म्हणतो. मग मिस्सेला आपण तोंड पाडून का बसतो?" आम्ही काही तरी उत्तर दिले. ते त्यास पटले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही पटले नाही.

ज्युबिलीच्या या स्मरणिकेसाठी इतिहासपर लेख लिहावा अशी आज्ञा झाली तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला. मंदिराचा पाया केव्हा घातला, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू येथे राबून गेले, हे इतर लेखकांनी सांगावे. परमेश्वराच्या प्रीतीतील सांत्वन व आनंद मराठी माणसाच्या मुखी ख्रिस्ताच्या नावाने प्रथम केव्हा आला, आणि तो पंढरीच्या वाटेशी कसा गुंतला आहे, इतकेच सांगण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ गोव्यापासून करावा लागतो. इसवी सन १५७९ च्या एप्रिल महिन्यात लिस्बन बंदरातून निघालेला एक तरुण इंग्रज येशूसंघी ऑक्टोबरात गोव्यास उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. पुढील सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली देह ठेवीपर्यंत, तो बहुतांशी सासष्टीतच राहिला. त्या सासष्टीची दशा काय होती हे आपण लपवू नये. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती व लोकांचे जुने पुराणग्रंथ बंद केले होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे रूदोल्फो आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघी सहकारी मारले गेले, ते अशाच संतप्त वातावरणात. त्यांचे देह मागून घेऊन येण्याचे दुःखद काम स्टीफन्स यांच्या वाट्यास आले.

अशा भूमीत ग्रंथ जन्मास आला तो 'ख्रिस्तपुराण', १६१६ साली राशोल येथे छापलेला. ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. रविवारी दोन प्रहरी देवळात मुलांस धर्मशिक्षण चालले असता नवख्रिस्ती लोकांपैकी एक ब्राह्मण पाद्रींस विनवितो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वारलीत, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांस काही तरी द्यावे. नाही तर आम्ही आमचा वेळ व आमचे मन कशात रमवावे? आमच्या मते ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा उगम या एका विनवणीत आहे. त्या माणसास धर्मतत्त्वे ठाऊक झाली होती, प्रश्नोत्तरी पाठ होती. परंतु सायंकाळी दिव्याजवळ बसून म्हणावे, चार शेजाऱ्यांनी ऐकावे, ऐकता ऐकता डोळ्यांस पाणी यावे, असे त्याच्यापाशी काही उरले नव्हते.

स्टीफन्स यांनी त्यास सुमारे अकरा हजार ओव्या दिल्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. छंद कोणता घेतला? ज्ञानदेव व एकनाथ यांचा. स्वर्गास शब्द कोणता योजिला? वैकुंठ. नाथ १५९९ साली पैठणास समाधिस्थ झाले, म्हणजे नाथांची हयात व स्टीफन्स यांचे गोव्यातील वास्तव्य वीस वर्षे बरोबरीने चालले. ग्रंथ छापून निघाला तेव्हा देहूचे तुकोबा, रूढ जन्मशक १५३० मानल्यास, सात-आठ वर्षांचे बालक होते. मराठीचे गुणगान गाणारा, सुवासिक फुलांत व रत्नांत तिची उपमा शोधणारा हा परदेशी मनुष्य केवळ भाषापंडित नव्हता. आपला देव या लोकांच्या कानांस परका वाटू नये, ही त्याची तळमळ होती.

ग्रंथ देवळांतून वाचला जाई, घराघरांतून म्हटला जाई. १६४९ व १६५४ साली तो पुन्हा छापावा लागला. पुढे मात्र राज्यकर्त्यांची दृष्टी फिरली. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढिला. आज त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत जगात सापडत नाही. पुराण तगले ते हस्तलिखितांत, विशेषेकरून कानडा मुलुखात जाऊन राहिलेल्या कोंकणी ख्रिस्ती कुटुंबांच्या पेट्यांत. आणि १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरास ते पुन्हा छापिले. देवनागरी लिपीतील छापील प्रत हाती येण्यास १९५६ साल उजाडले. ती पुण्यास शांताराम बंडेलू यांनी काढिली. पाद्रींनी लिहिलेले पुराण जपले ते आयाबायांनी व गृहस्थांनी, ही गोष्ट आम्हां पाद्रींनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

परंतु ते पुराण घाट चढून देशावर आले नाही. आपले पूर्वज प्रभूपाशी आले ते निराळ्या वाटेने.

१८७६ ते १८७८ या तीन सालांतील दुष्काळाने सोलापूर, अहमदनगर, विजापूर हे जिल्हे होरपळून गेले. १८७८ च्या सुमारास जर्मन येशूसंघी धर्मगुरू अहमदनगर जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, खेडोपाडी फिरू लागले. राहुरीजवळील केंदळ हे त्यांचे आरंभीचे ठाणे. १८८६ साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. दुष्काळ पुन्हा १८९६ मध्ये पडला, आणि १८९९ मध्ये आणखी एकदा. ख्रिस्तसभेत आले ते मुख्यत्वे महारवाड्यांतील व मांगवाड्यांतील लोक. तेव्हापासून एक टोमणा आपल्या पाठीस लागला आहे, तो तुम्हीही ऐकला असेल: हे पोटासाठी बाटले.

या टोमण्यास आम्ही पुष्कळ दिवस रागाने उत्तर देत असू. आता तसे करीत नाही. भुकेलेल्यास भाकर मिळाली आणि भाकर देणाऱ्या हाताकडे त्याने वर पाहिले, यात लाजण्यासारखे काय आहे? प्रभूमागे डोंगरावर गेलेल्या पाच हजारांसही भूक लागली होती. पण भाकर खाऊन पुष्कळ जण निघून जातात. राहिले ते का राहिले, हे पाहिले पाहिजे. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरविल्या. पुढे १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध बांधवांस त्या मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्यांस मिळाल्या नाहीत. म्हणजे ज्यांच्या आज्यांस धान्यासाठी बाटल्याचे बोल लागले, त्यांच्या नातवंडांस ख्रिस्ती राहिल्यामुळे नोकरीतील व शाळेतील सवलतींवर पाणी सोडावे लागले. तरीही रविवारी ही मंडळी देवळात दिसतात.

त्यांस धरून ठेविले कशाने? याचे उत्तर शोधताना आमचे पाऊल पुन्हा पंढरपुराकडे वळते.

पंढरपुरापासून काही कोसांवर मंगळवेढे आहे. परंपरा सांगते की १३३८ साली तेथील गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली सापडले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधिली. जन्मभर ज्यास मंदिराच्या आत पाऊल टाकता आले नाही, त्यास मरणोत्तर पायरीपाशी जागा मिळाली. चोखोबांविषयी आणखीही एक कथा वारकरी प्रेमाने सांगतात: ज्यास आत येऊ देत नाहीत त्यास भेटावयास विठोबा स्वतः बाहेर आला. कथेच्या ऐतिहासिकतेचा वाद आम्ही घालीत नाही. दाराशी अडविलेल्या माणसाने आपल्या देवाकडून कशाची आशा केली, ते त्या कथेत दिसते.

आता इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय उघडून पाहा. येशूने आपल्या रक्ताने लोकांस पवित्र करावे म्हणून वेशीबाहेर दुःख सोसले, असा त्याचा आशय आहे. यरुशलेमच्या गावकुसाच्या आत त्यास मरावयासही जागा दिली नाही. सेमिनरीत आम्ही हा अध्याय लॅटिन भाष्यांसह अभ्यासिला, परीक्षेत त्यावर उत्तरेही लिहिली. परंतु 'वेस' हा शब्द काय आहे ते आम्हांस तेथे उमगले नाही. ते उमगले एका खेड्यात, जेव्हा एका वृद्धाने गावाबाहेरच्या वस्तीकडे बोट दाखवून सांगितले, "आमचं घर तिकडं हुतं. पाद्रीबाबा तिकडंच पहिल्यांदा आला." ज्या देवाचा दूत पाटलाच्या वाड्यावर न जाता वेशीबाहेरच्या झोपडीत येऊन बसतो आणि सांगतो की आमचा प्रभूही वेशीबाहेरच मेला, त्या देवाची प्रीती त्या माणसास निराळी समजावून सांगावी लागली नसेल.

(येथे एक कडू गोष्ट कबूल केली पाहिजे. या देशातील कित्येक ख्रिस्ती मंदिरांतून जातवार बाके व जातवार स्मशाने बरीच वर्षे चालली, काही ठिकाणी अजून चालतात. वेशीबाहेरच्या प्रभूच्या घरात आम्ही नवी वेस बांधिली.)

हे सांत्वन केवळ वस्तीतल्यांसाठीच होते असे मात्र नाही. वेस माणसाच्या मनातही असते, आणि तीही पंढरपुराने पाहिली आहे. नारायण वामन टिळक यांचा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांपूर्वी आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला होता, तेथून हे वारे सुरू झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांस हे कळले तेव्हा आकाशच कोसळले. आप्तांनी त्यांस जवळ घेतले, आणि त्या ताटातुटीच्या काळात त्यांचा मुक्काम काही दिवस पंढरपुरास होता. लहानगा दत्तू बरोबर. नवरा जिवंत असून नसल्यासारखा.

त्या वेळचे पंढरपूर डोळ्यांपुढे आणावे. परित्यक्ता व विधवा बायांस चंद्रभागेच्या वाळवंटाखेरीज आसरा नसे. तेथे सोडून दिलेल्या अर्भकांसाठी लालशंकर उमियाशंकर यांच्या प्रयत्नाने १८७५ साली आश्रम निघाला व प्रार्थना समाजाने तो चालविला; एवढी त्याची गरज होती. या क्षेत्री ही तरुण स्त्री आपले दुःख घेऊन राहिली. तिचे वडील असे कडक सोवळ्याचे, की मीठसाखरही धुऊन घ्यावी असा त्यांचा हट्ट. त्या संस्कारातून आलेल्या मनास नवऱ्याच्या हातचे पाणी पिणेही अशक्य होते.

पुढे काय झाले ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात आहे. १९३४ पासून तो प्रसिद्ध होऊ लागला, आणि मराठीत त्याच्या तोडीचे आत्मचरित्र क्वचितच असेल. त्या अहमदनगरास पतीकडे गेल्या, पण चूल निराळी ठेविली. टिळकांनी बळजबरी केली नाही. एके दिवशी, कुणाच्या उपदेशाने नव्हे, तर आपल्याच विचाराने लक्ष्मीबाईंस कळून चुकले की हा जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे. आणि मग कुणाच्याही हातचे घेण्यास त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्षात घ्या, आधी वेस पडली, मग बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांच्या घरी अनाथ पोरांची वर्दळ कधी थांबली नाही. दारिद्र्य होते, पतीचा संतापी व उधळा स्वभाव होता, तरी त्या पुस्तकाच्या पानापानांतून हसू फुटते. ज्यास आम्ही व्यासपीठावरून 'ख्रिस्ती आनंद' म्हणतो तो कसा असतो हे पाहावयाचे तर प्रवचनापेक्षा हे पुस्तक वाचावे.

टिळक स्वतः म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणांशी आलो. त्यांनी अभंग रचिले, ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. १९१९ साली ते वारले तेव्हा ते अपुरे होते. उरलेले लक्ष्मीबाईंनी, त्या एके काळच्या निरक्षर मुलीने, पूर्ण केले. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट मंडळीतले. रोमन आणि प्रॉटेस्टंट यांची खेडोपाडी भांडणे होत, तो काळ आपल्या आजोबांनी पाहिला आहे. त्यांची गाणी मात्र भांडणाची भिंत ओलांडून आपल्या देवळांत आली. आपल्या बाजूसही कुणी स्वस्थ बसले नव्हते. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. पहिल्या महायुद्धाने जर्मन धर्मगुरूंस नजरकैद व हद्दपारी दाखविली, डोरिंग यांस जपानातील हिरोशिमापर्यंत नेले, आणि पुढे पुन्हा पुण्यास आणिले. मासिक इतक्या उलथापालथीतून शंभर वर्षांपलीकडे टिकले. ज्या घरी दुसरे छापील पान येत नसे, त्या घरी ते येई व मोठ्याने वाचले जाई.

मधल्या काळात पंढरपुराचे दारही उघडले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी तेथे दहा दिवस उपोषण केले, आणि विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले झाले. चोखोबांच्या निधनास सहाशे वर्षे उलटून गेली होती. स्वातंत्र्यानंतर गी देलरी या फ्रेंच येशूसंघीयाने तुकोबांचे अभंग फ्रेंच भाषेत नेले, स्वतः वारीत चालून पाहिले, आणि १९६० साली विठोबाच्या उपासनेवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर पाच वर्षांनी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे जाहीर केले. त्याच परिषदेमुळे मिस्सा लोकांच्या भाषेत आली. सासष्टीच्या त्या गृहस्थाने जे मागितले होते, ते उपासनेत मिळावयास असा साडेतीन शतकांचा विलंब लागला.

म्हणून त्या तरुणास आम्ही आज असे सांगू: बाळा, तोंड पाडून बसणे हा आपल्या धर्माचा भाग नाही, ती आपल्या इतिहासाची खोड आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील बाप उधळ्या पोराची वाट पाहत दारात उभा राहत नाही, तो धावतो. वयोवृद्ध गृहस्थाने अंगरखा सावरीत रस्त्याने धावणे हे त्या देशी हास्यास्पद समजले जाई. तो लाज सोडून धावतो, आणि मग घरात वाद्ये वाजतात व नाच होतो. थोरला मुलगा तेवढा बाहेर रुसून उभा राहतो, नाचगाणे कशाचे म्हणून चाकरास विचारतो. आम्ही बहुधा त्याचे शिष्य झालो आहोत. लॅटिनमध्ये गुडघे टेकावयास शिकलो, परंतु टाळ हाती घेण्यास लाजलो. टाळ 'त्यांचा' असे वाटत राहिले.

आमची स्वतःचीही गोष्ट याहून निराळी नाही. ज्ञानेश्वरी आम्ही प्रथम उघडली ती दीक्षेनंतर, एका वारकरी शिक्षकाच्या घरी, आणि तीही पाऊस थांबेना म्हणून.

आता शेवटी त्याच आषाढातील एक प्रसंग, ज्या आषाढात तो प्रश्न आला. आपल्यांतील एक वृद्ध आई दारात बसून एका वारकरीण बाईंच्या पायांस तेल चोळीत होती. तिच्या गळ्यात रोझरी होती. बाईंनी माळ निरखून विचारले, "ही तुळशीची न्हाई जणू?"

"न्हाई. हिला देव हाय, बघा," म्हणून आईने क्रूस पुढे केला.

"असा का टांगलाय त्याला?"

"वेशीभाईर मारला. आमच्यापायी."

बाई जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचाबी चोखोबापायी भाईर आला हुता."

आईने पदराने त्यांचे पाय पुसले व आत वळून नातवास चहा ठेवावयास सांगितले. तो नातू म्हणजे आम्हांस प्रश्न विचारणारा तोच तरुण. त्याने चहा आणिला, आणि दिंडी उठेपर्यंत तो त्या दोघींच्या शेजारी जोत्यावर बसून राहिला.